बग रिपोर्ट कसा लिहायचा: पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

"सेव्ह होत नाहीये. प्लीज लवकर बघा."

एवढंच लिहिलेलं असतं. मी ज्या टीममध्ये आहे तिथे युजरकडून आलेले बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, आधी माझ्याकडे येतात, आणि असा दोन ओळींचा रिपोर्ट रोज एखादा तरी असतोच. लिहिणाऱ्यावर माझा राग नाही, त्याचं काम अडलंय, तो वैतागलाय, आणि त्याच्या डोळ्यांसमोर सगळं दिसतंय म्हणून त्याला वाटतं आम्हालाही दिसत असणार. पण आम्हाला नाही ना दिसत. बटण दाबल्यावर काहीच होत नाही का, की "सेव्ह झालं" असं येतं आणि परत उघडलं की जुनंच दिसतं, की काही एरर येतो, मोबाइलवर की कॉम्प्युटरवर, आजच झालं की आधीपासून होतंय? मग मी हे सगळं विचारते, तो दुसऱ्या दिवशी उत्तर देतो, त्यातून अजून दोन प्रश्न निघतात, आणि जो बग अर्ध्या तासात सुटला असता त्यात आख्खा आठवडा जातो. तोपर्यंत त्या माणसाचं काम अडलेलंच.

म्हणून हे लिहितेय. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल, खरंच. मला आलेले काही सगळ्यात चांगले रिपोर्ट कोडची एक ओळही न लिहिलेल्या लोकांचे होते. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची: तुमच्या स्क्रीनवर जे झालं ते डेव्हलपरला त्याच्या स्वतःच्या मशीनवर घडवून बघता आलं पाहिजे. रिपोर्टमध्ये काय लिहायचं, काय नाही, किती लिहायचं, सगळं यावरूनच ठरतं.

आधी हात थांबवा

काहीतरी बिघडलं की आपला हात आपोआप रिफ्रेशकडे जातो. किंवा अ‍ॅप बंद करून परत चालू, किंवा थेट अनइन्स्टॉल. कळतं मला, पण तेवढं अर्धं मिनिट थांबा, कारण रिफ्रेश केलं की पुरावा गेला.

पहिलं काम स्क्रीनशॉट. विंडोजवर विंडोज + शिफ्ट + एस, मॅकवर कमांड + शिफ्ट + ५, यातल्या मॅकवाल्यात स्क्रीनचा व्हिडिओ घ्यायची पण सोय आहे. स्क्रीनशॉट पूर्ण विंडोचा घ्या, नुसत्या एरर मेसेजपुरता कापलेला नको, कारण कधीकधी खरं कारण बाजूला कुठेतरी दिसत असतं, वर अ‍ॅड्रेस बारमध्ये, किंवा कोपऱ्यात "ऑफलाइन" असं बारीक अक्षरात. आणि कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो शक्यतो नको. हां, मशीन पूर्ण हँग झालंय किंवा निळी स्क्रीन आलीये, तेव्हा फोटोशिवाय इलाजच नसतो, तेव्हा बिनधास्त काढा.

दुसरं, एरर मेसेजचे शब्द जसेच्या तसे कॉपी करून कुठेतरी पेस्ट करून ठेवा. "काहीतरी कनेक्शनचा एरर आला" याचा आम्हाला फारसा उपयोग नाही, कारण कोडमध्ये शोधायला नेमके शब्द लागतात, एरर नंबर असेल तर तोही. फार लोकांना माहीत नसलेली गोष्ट सांगते: विंडोजमधला साधा मेसेज बॉक्स असतो ना, ओके-कॅन्सल वाला, ज्यातलं काही सिलेक्टच होत नाही, तो समोर असताना नुसतं कंट्रोल + सी दाबा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा, बहुतेक वेळा आख्खा मजकूर येतो.

तिसरं, वेळ. घड्याळात बघून लिहा, "दुपारी" नाही, "३ वाजून १२ मिनिटं". ऑनलाइन सेवा असेल तर सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे काय काय घडलं त्याच्या नोंदवहीत, मिनिटाला हजारो ओळी पडत असतात आणि त्यातली तुमची ओळ शोधायला वेळ हा सगळ्यात सोपा धागा असतो. सर्व्हरची घड्याळं बरेचदा यूटीसीवर, म्हणजे जगभराच्या प्रमाण वेळेवर, असतात, म्हणून तुमची वेळ कुठल्या टाइमझोनची तेही सांगा.

आता परत करून बघा

हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि इथेच लोक कंटाळतात. जे केलं होतं तेच परत करा, सुरुवातीपासून, आणि करताना प्रत्येक पायरी कागदावर लिहीत जा. आठवून लिहायचं नाही. आठवताना आपण सवयीच्या गोष्टी गाळतो, "हे तर मी नेहमीच करतो" म्हणून, आणि नेमकी तीच बगची किल्ली असते.

थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरच्या पेशंटना रेडिएशन देणारं मशीन होतं. १९८५ ते १९८७ मध्ये या मशीनने सहा पेशंटना प्रमाणाबाहेर रेडिएशन दिलं, त्यात माणसं गेली. त्यातल्या दोन घटना अमेरिकेत टेक्सासमधल्या टायलर शहरातल्या एकाच हॉस्पिटलमध्ये १९८६ साली झाल्या. स्क्रीनवर येत होतं "मालफंक्शन ५४", आणि त्याचा अर्थ काय ते मॅन्युअलमध्ये धड दिलेलं नव्हतं. पहिल्या घटनेनंतर कंपनीचे इंजिनिअर येऊन बघून गेले, त्यांच्याकडे तो एरर काही येईना. तीन आठवड्यांनी परत तेच घडलं. मग हॉस्पिटलचा फिजिसिस्ट आणि ते मशीन रोज चालवणारी ऑपरेटर, दोघं त्या मशीनसमोर बसले आणि तिने नेमकं काय काय टाइप केलं होतं ते परत परत करत राहिले. शेवटी सापडलं. तिने आधी चुकून एक्स-रेचं अक्षर टाकलं होतं, मग वर जाऊन ते दुरुस्त केलं होतं, आणि तिचा हात इतका सरावलेला होता की हे सगळं काही सेकंदांत उरकलं होतं. मशीनची मॅग्नेट सेट व्हायला साधारण आठ सेकंद लागायची, त्या आठ सेकंदांच्या आत केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या लक्षातच यायची नाही. कंपनीच्या माणसाला हे कळवलं तरी आधी त्याला ते जमेना, कारण तो सावकाश टाइप करत होता. भरभर करावं लागतं हे सांगितल्यावर त्यालाही दिसलं.

मला हे नेहमी आठवतं. "भरभर" हा एक शब्द त्या पायऱ्यांमध्ये नव्हता तोवर बग दिसतच नव्हता.

म्हणून पायऱ्या लिहिताना कसं केलं तेही लिहा. मेनूतून केलं की कीबोर्डच्या शॉर्टकटने, एकदा क्लिक की दोनदा, पान पूर्ण लोड व्हायच्या आधीच दाबलं का, फाइल ड्रॅग करून टाकली की बटणाने निवडली, टाइप केलं की पेस्ट केलं. पेस्ट केल्यावर मागे एक रिकामी स्पेस येते आणि तेवढ्यावरून लॉगिन अडलंय असं कितीदा बघितलंय मी.

परत करून झालं आणि बग परत आला, तर आता एकेक गोष्ट बदलून बघा. एकावेळी एकच, हे महत्त्वाचं, दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही. दुसऱ्या ब्राउझरमध्ये होतं का? इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोत होतं का? क्रोमच्या इनकॉग्निटोमध्ये तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेंशन (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) बंद असतात, म्हणजे तिथे चालत असेल तर बरेचदा संशय एखाद्या एक्स्टेंशनवर किंवा जुन्या कुकीजवर (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदींवर) जातो. दुसऱ्या अकाउंटने होतं का, दुसऱ्या नेटवर्कवर होतं का? सगळं करायलाच पाहिजे असं नाही, जेवढं जमेल तेवढं करा, पण जे केलं ते सगळं लिहा, कुठे बग आला नाही तेसुद्धा. "फायरफॉक्समध्ये नीट चालतं" या तीन शब्दांनी शोधायची जागा अर्धी होते.

आणि दरवेळी येत नसेल तर? तसं लिहा. "दहा वेळा केलं, तीनदा आला." कधीतरीच येणारा बग खोटा नसतो, उलट तोच जास्त त्रासाचा असतो, फक्त किती वेळा करून बघितलं तो आकडा द्या. म्हणजे दुरुस्ती केल्यावर आम्ही दोनदा बघून "गेला" असं म्हणणार नाही.

व्हर्जन, आणि "लेटेस्ट" हा शब्द

"लेटेस्ट व्हर्जन आहे" असं कृपा करून लिहू नका. तुमचं लेटेस्ट आणि आमचं लेटेस्ट वेगळं असू शकतं, अपडेट टप्प्याटप्प्याने जातात, आणि तुमचा रिपोर्ट दोन महिन्यांनी कोणी वाचला तर "लेटेस्ट" म्हणजे कुठलं? आकडा लिहा, पूर्ण, सगळ्या टिंबांसकट. बहुतेक प्रोग्रामात हेल्प मेनूत "अबाउट" असतं, मोबाइल अ‍ॅपमध्ये सेटिंगच्या तळाशी असतं. विंडोजचं स्वतःचं व्हर्जन बघायला विंडोज + आर दाबून इंग्रजीत विनव्हर टाइप करा, स्पेलिंग डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये अबाउट फोन. फायरफॉक्सवाल्यांचं काम सगळ्यात सोपं, हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनचं पान आहे, तिथे सगळी माहिती एका बटणाने कॉपी होते.

जुनं व्हर्जन असेल तर आधी अपडेट करून बघा, कदाचित बग कधीच सुटलेला असेल. पण अपडेटच्या आधीचा आकडा लिहून ठेवा, आणि "अमुक व्हर्जनपर्यंत चालत होतं, तमुकपासून बिघडलं" असं सांगता आलं तर सोन्याहून पिवळं. मग त्या दोन व्हर्जनच्या मधे काय बदललं एवढंच बघावं लागतं.

आधी कोणी सांगितलंय का ते शोधा

फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं बगझिला हे बग नोंदवायचं ठिकाण १९९८ पासून चालू आहे, कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर जवळपास प्रत्येक प्रोजेक्टचं इश्यूजचं पान असतं, डेबियन या लिनक्सची बगसाठी स्वतःची सिस्टीम आहे. या सगळीकडे शोधायची सोय आहे, ती वापरा. शोधताना एरर मेसेजमधला तो भाग टाका जो सगळ्यांना सारखाच येणार, तुमच्या फाइलचं नाव किंवा फोल्डरचा रस्ता काढून टाका. बंद झालेले रिपोर्टही बघा, नुसते उघडे नको.

सापडला तर त्याखाली "मला पण" लिहू नका. प्रत्येक कमेंटचं नोटिफिकेशन त्या रिपोर्टशी जोडलेल्या सगळ्यांना जातं, आणि शंभर "मला पण"मध्ये कामाची एक ओळ हरवते. गिटहबने २०१६ मध्ये रिअ‍ॅक्शन आणले ते बरेचसे याचसाठी, तिथे अंगठा दाबा, बास. पण तुमच्याकडे नवीन काही असेल, वेगळ्या सिस्टीमवर पण होतंय, किंवा जास्त सोप्या पायऱ्या सापडल्यात, तर मात्र जरूर लिहा. आणि आपला बग तोच आहे की फक्त तसा दिसतो याची खात्री नसेल तर नवीन रिपोर्ट लिहून जुन्याची लिंक द्या. दोन एक करणं सोपं असतं, एकात मिसळलेले दोन वेगळे करणं फार किचकट.

प्रत्यक्ष लिहायचं कसं

एक रिपोर्ट दाखवते, म्हणजे कळेल. एका नोट्सच्या अ‍ॅपला गेलेला, मी थोडा आटोपशीर केलाय.

टायटल: फोनवर लिहिलेल्या नोटमधला "दुसऱ्या" हा शब्द कॉम्प्युटरवर शोधला तर सापडत नाही

पायऱ्या:
१. फोनवर नवीन नोट उघडली, त्यात फक्त "दुसऱ्या" एवढाच शब्द लिहिला.
२. सिंक होऊ दिलं. कॉम्प्युटरवर नोट उघडून बघितली, शब्द नीट दिसतो.
३. कॉम्प्युटरवर शोधायच्या जागेत "दुसऱ्या" टाइप केलं आणि एंटर दाबलं.

काय झालं: "काही सापडलं नाही" असं आलं.
काय व्हायला हवं होतं: ती नोट दिसायला हवी होती.

अजून काय बघितलं: फोनवरूनच शोधलं तर सापडते. "घर", "पाणी" असे शब्द दोन्हीकडून सापडतात. नोटमधला शब्द कॉपी करून शोधायच्या जागेत पेस्ट केला तर कॉम्प्युटरवरही सापडते. पाच वेळा केलं, पाचही वेळा असंच.

खाली दोन्हीकडचे व्हर्जन, दोन्हीकडचे कीबोर्ड कुठले ते, आणि दोन्ही ठिकाणचा शब्द टेक्स्ट म्हणून पेस्ट केलेला.

आता बघा, या माणसाला कारण माहीत नव्हतं. कारण असं की "ऱ्य" मधला तो आडवा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी अक्षरांना नंबर देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्तावाला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, तुमच्या-माझ्या डोळ्यांना काडीचा फरक कळत नाही, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. फोनचा कीबोर्ड एक प्रकार टाकत होता, कॉम्प्युटरचा दुसरा. ही गाठ कुठल्या ओळीने सुटली? "कॉपी करून पेस्ट केला तर सापडते" या ओळीने. तेच दिसतं, पण पेस्ट केल्यावर चालतं आणि टाइप केल्यावर नाही, म्हणजे दोन्हीत न दिसणारं काहीतरी वेगळं आहे. आणि शब्द टेक्स्ट म्हणून दिला होता म्हणून तो उघडून तपासता आला, नुसता स्क्रीनशॉट असता तर जन्मात कळलं नसतं.

समजा त्याने लिहिलं असतं "तुमचं सर्च मराठीला सपोर्ट करत नाही", तर? कोणीतरी "घर" शोधून बघितलं असतं, सापडलं असतं, आणि "आमच्याकडे चालतंय" म्हणून रिपोर्ट बंद. बग तिथेच.

तर अंदाज आणि निरीक्षण वेगळं ठेवा. अंदाज सांगू नका असं मी म्हणत नाही, सांगा, कधीकधी तो बरोबरही असतो, पण वेगळ्या ओळीत, "मला वाटतं" म्हणून, आणि आधी जे डोळ्यांनी बघितलं ते. "सर्व्हर डाउन होता" हा अंदाज झाला. "पान पांढरं राहिलं, वर गोल फिरत राहिलं, दोन मिनिटांनी ५०४ असा आकडा आला" हे निरीक्षण. अंदाज चुकला तर आम्हीही त्याच्यामागे चुकत जातो, निरीक्षण चुकत नाही.

"चालत नाही" हा शब्द लिहावासा वाटला की थांबून स्वतःला विचारा, म्हणजे नेमकं काय दिसतंय? बटण करडं आहे आणि दाबलंच जात नाही? दाबलं जातं पण काही होत नाही? अ‍ॅप मेसेज न देता बंद होऊन फोनची होम स्क्रीन येते? की काम होतं पण उत्तर चुकीचं येतं? या चारही गोष्टींना लोक "चालत नाही"च म्हणतात आणि चारही कोडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यात शोधाव्या लागतात.

"काय व्हायला हवं होतं" हे उघड आहे म्हणून गाळू नका. एकदा एकाने रिपोर्ट केला की रक्कम भरल्यावर एरर येतो, त्याने रक्कम "१२५" अशी देवनागरी आकड्यात टाकली होती. आमच्या टीममध्ये कोणालातरी वाटलं की इंग्रजी आकडेच टाकायचे हा नियमच आहे, मग बग कुठला? त्याने लिहिलं होतं की "मराठी कीबोर्डने टाकलेला आकडा पण घेतला गेला पाहिजे, किंवा निदान इंग्रजी आकडे टाका असं सांगितलं पाहिजे, नुसतं 'चुकीची रक्कम' का म्हणता". त्या एका वाक्यामुळे चर्चा झाली आणि ते बदललं. हे सगळीकडे सारखं वागतही नाही बरं का, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं आकडा वाचणारं साधं इंट देवनागरी आकडे वाचतं, जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतलं पार्सइंट वाचत नाही.

टायटलबद्दल एवढंच की यादीत शेकडो रिपोर्ट असतात आणि तिथे फक्त टायटल दिसतं. "अर्जंट!!!", "मोठा बग", "मदत हवी" यातून काही कळत नाही. काय, कुठे, कधी, एवढं एका ओळीत बसवा. "पीडीएफ एक्सपोर्ट करताना पान आडवं असेल तर उजवीकडचा मजकूर कापला जातो" हे उत्तम टायटल आहे, आत न जाताही कळतं.

मोठी फाइल असेल तर छाटा

समजा चाळीस पानांचं डॉक्युमेंट उघडलं की प्रोग्राम क्रॅश होतो. ते तसंच पाठवू नका, एकतर त्यात तुमची खासगी माहिती असेल आणि दुसरं म्हणजे चाळीस पानात आम्ही काय शोधायचं. त्याची कॉपी करा, मूळ फाइल बाजूला सुरक्षित ठेवा, आणि कॉपीतली अर्धी पानं उडवा. अजून क्रॅश होतो? मग परत अर्धी उडवा. झाला नाही? मग उडवलेल्या अर्ध्यात बघा. अशा पाच-सहा फेऱ्यांत तुम्ही एका पानावर येता, आणि मग त्या पानावरचं एखादं टेबल किंवा चित्र. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि याच्याइतका कामाचा अटॅचमेंट दुसरा नाही.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हीच युक्ती गिट बायसेक्ट म्हणून माहीत असेल, हजार कमिटमधून कुठल्या कमिटने बिघडवलं ते साधारण दहा वेळा तपासून सापडतं.

लॉग, व्हिडिओ आणि तुमचे पासवर्ड

वेबसाइट असेल तर एफ१२ दाबा, कन्सोल नावाचा टॅब उघडा, आणि मग परत बग करून दाखवा, तिथे लाल ओळी आल्या तर त्या टेक्स्ट म्हणून कॉपी करा. लिनक्सवर जर्नलसीटीएल या कमांडने त्या वेळेच्या आसपासच्या ओळी काढा, विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअर बघा. पाच हजार ओळींचा लॉग रिपोर्टच्या अंगात पेस्ट करू नका, फाइल म्हणून जोडा. व्हिडिओ पंधरा-वीस सेकंदांचा पुरतो, आणि व्हिडिओ दिला म्हणून पायऱ्या लिहायच्या नाहीत असं नाही, व्हिडिओत कुठली की दाबली ते दिसत नाही. मेसेजिंग अ‍ॅपवरून स्क्रीनशॉट पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात.

आता काळजीची गोष्ट, आणि हे मी मनापासून सांगतेय. कधीकधी सपोर्टवाले तुम्हाला हार फाइल मागतात, म्हणजे ब्राउझरने त्या वेळात सर्व्हरशी केलेल्या सगळ्या बोलण्याची नोंद. त्यात तुमच्या लॉगिनच्या कुकीज आणि टोकन असू शकतात, म्हणजे ती फाइल ज्याच्या हातात गेली तो पासवर्डशिवाय तुमच्या नावाने आत जाऊ शकतो. २०२३ मध्ये ओक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट सिस्टीममध्ये हॅकर घुसले तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांनी दिलेल्या अशाच फाइलींमधली टोकन वापरली होती. म्हणून अशी फाइल सगळ्यांना दिसणाऱ्या रिपोर्टला कधीच जोडू नका, आणि पाठवून झाली की त्या साइटवरून लॉगआउट करून परत लॉगिन करा. अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात बग रिपोर्ट घ्यायची सोय आहे, त्या झिप फाइलमध्येही फोनबद्दल भरपूर काही असतं, तिलाही हाच नियम. स्क्रीनशॉटमध्ये ईमेल, फोन नंबर दिसत असतील तर त्यावर काळा ठोकळा मारा, ब्लर करू नका, ब्लर कधीकधी उलगडता येतो.

एक छोटी गोष्ट याच्याच जोडीला. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका तेलुगू जोडाक्षराने आयफोनवरची अ‍ॅप बंद पडायला लागली होती, ते अक्षर नुसतं स्क्रीनवर आलं तरी पुरे, शेवटी आयओएस ११.२.६ मध्ये ते सुधारलं. तुम्हाला असा कुठला मजकूर सापडला ज्याने अ‍ॅप पडतं, तर तो टायटलमध्ये टाकू नका, रिपोर्ट उघडणाऱ्याचंही अ‍ॅप पडेल. टेक्स्ट फाइलमध्ये घालून जोडा आणि आधी तसं सांगा.

किती गंभीर ते कसं सांगायचं

एका रिपोर्टमध्ये एकच बग. पाच बग एकत्र लिहिले तर त्यातला एक सुटल्यावर रिपोर्ट बंद करायचा की नाही कळत नाही, आणि बरेचदा उरलेले चार त्याच्याबरोबर गाडले जातात.

गंभीरतेच्या पायऱ्या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात, डेबियनमध्ये सात आहेत, वर क्रिटिकल आणि सगळ्यात खाली विशलिस्ट, म्हणजे नुसती इच्छा. नव्या लोकांना सगळंच क्रिटिकल वाटतं. त्यापेक्षा परिणाम सांगा: काय अडलं, डेटा गेला का, दुसऱ्या कुठल्या मार्गाने काम होतं का. डेटा जाणं सगळ्यात वाईट, मग क्रॅश, मग चुकीचं उत्तर. खरं सांगायचं तर माझ्या मते गुपचूप येणारं चुकीचं उत्तर क्रॅशपेक्षाही वाईट असतं, क्रॅश निदान कळतो तरी.

बग सुरक्षेचा असेल, म्हणजे दुसऱ्याची माहिती दिसतेय किंवा पासवर्डशिवाय आत जाता येतंय, तर तो उघड्यावर लिहू नका. साइटवर सिक्युरिटीसाठी वेगळा पत्ता दिलेला असतो, बऱ्याच साइट सिक्युरिटी डॉट टीएक्सटी नावाची एक ठरावीक फाइल ठेवतात, इंटरनेटसाठीच्या आरएफसी ९११६ या तांत्रिक दस्तऐवजाने २०२२ मध्ये तिचं स्वरूप ठरवून दिलंय, त्यात कुणाला कळवायचं ते असतं. खात्री करायला म्हणून दुसऱ्यांचा डेटा उघडून बघत बसू नका, एकदा दिसलं तेवढं पुरे.

पाठवल्यानंतर

रिपोर्ट टाकून गायब होऊ नका. "आमच्याकडे येत नाही" असं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही खोटं बोलताय असं कोणी म्हणत नाहीये, तुमच्या आणि आमच्या मशीनमध्ये काहीतरी वेगळं आहे आणि ते अजून दोघांना सापडलं नाहीये एवढाच त्याचा अर्थ. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्या, माहीत नसेल तर "माहीत नाही, कसं बघू?" असं विचारा. त्यात लाजायचं काहीच नाही. जमलं तर तोपर्यंत ते सेटिंग, ती फाइल, तो फोन तसाच ठेवा. जे माहिती मागतात त्यांना दोन-तीन आठवडे उत्तर नाही मिळालं की रिपोर्ट बंद करायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि तुम्ही नंतर उत्तर देऊन तो परत उघडायला सांगू शकता.

रागात लिहायची वेळ आली तर आधी लिहून घ्या, मग विशेषणं काढून टाका आणि पाठवा. बऱ्याच प्रोजेक्टमधले लोक मोकळ्या वेळात, पैसे न घेता काम करतात. जे पगार घेतात त्यांनाही तुमच्या रागापेक्षा तुमच्या पायऱ्यांनी जास्त मदत होते.

आणि बग सुटला असा मेसेज आला की नवीन व्हर्जन टाका, तुमच्याच जुन्या पायऱ्या काढून परत एकदा पहिल्यापासून करा, आणि त्याच रिपोर्टखाली व्हर्जनचा आकडा घालून लिहा: तपासलं, पाच वेळा केलं, आता नोट सापडते.